पेन्शनरांचे अर्ज

माजी सैनिकांच्या संघटनांचा इतिहास सहसा 1964 पासून सांगितला जातो. त्या वर्षी जनरल करिअप्पांच्या पुढाकाराने ‘इंडियन एक्स-सर्व्हिसेस लीग’ स्थापन झाली. महाराष्ट्रातला धागा मात्र त्याच्याही सत्तर वर्षे मागे, दापोलीच्या कॅम्पात जातो.

मुंबई लष्करातले बरेच महार पेन्शनर तिथे वस्ती करून होते. त्यांतलेच एक गोपाळबाबा वलंगकर, मूळचे महाडजवळच्या रावढळचे. 1886 मध्ये ते हवालदार म्हणून निवृत्त झाले. 1888 मध्ये ‘विटाळ विध्वंसन’ लिहिले आणि पुढे ‘अनार्य दोषपरिहारक मंडळी’ उभी केली. याच काळात ‘लढवय्या जमाती’ ठरवून इंग्रजांनी महारांची भरती बंद केली. नुसती नोकरीच गेली असे नाही. पलटणीतली शाळा, हुद्दा, गणवेश, म्हणजे गावात न मिळणारा मान, पुढच्या पिढीला दुरावला. 1894 मध्ये मंडळीने विनंतीपत्र तयार केले. मागणी पेन्शनवाढीची नव्हती. आमच्या मुलांना पुन्हा फौजेत घ्या, ही होती.

1910 मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी तीच मागणी थेट भारतमंत्र्यांपर्यंत नेली. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडू लागली तेव्हा 1917 मध्ये ‘111 महार’ पलटण उभी राहिली आणि 1921 मध्ये मोडलीही. 1 ऑक्टोबर 1941 रोजी बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली, तेव्हा कुठे त्या अर्जाला उत्तर मिळाले.

दुसरा धागा सरकारी आहे. 1919 मध्ये ‘इंडियन सोल्जर्स बोर्ड’ नेमले गेले. आजचे केंद्रीय सैनिक बोर्ड त्याचेच वारस. खारदांड्यातला निवृत्त नौसैनिक असो वा साताऱ्यातला जवान, माजी सैनिकाचे ओळखपत्र घ्यायला तो जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचीच पायरी चढतो.

पण कार्यालय सवलत देते, सरकारशी भांडत नाही. 2015 मध्ये ‘वन रँक वन पेन्शन’साठी माजी सैनिक जंतरमंतरवर बसले आणि नोव्हेंबरमध्ये अधिसूचना निघाली. त्या बैठकीचे नाते बोर्डापेक्षा दापोलीच्या मंडळीशी अधिक जवळचे आहे. म्हणून या संघटनांच्या वंशावळीत पहिले नाव सेनापतीचे नव्हे, एका हवालदाराचे लिहायला हवे.