महाराष्ट्रातील स्पार्कलिंग वाइन

महाराष्ट्रातील स्पार्कलिंग वाइन ही प्रामुख्याने नाशिक, पुणे आणि सोलापूर जिल्ह्यांतील द्राक्षपट्ट्यात तयार होणारी, विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइड वायूमुळे फसफसणारी वाइन आहे. विवाह, नववर्ष, क्रीडास्पर्धांतील विजय अशा प्रसंगी ती उघडली जाते. शॅम्पेन हा थंड हवेचा प्रदेश, तर दख्खनचे पठार उष्ण असल्याने द्राक्षातील आम्लता टिकवणे ही येथील निर्मितीतील मुख्य अडचण आहे.

नाव

बोलीभाषेत अशा प्रत्येक वाइनला ‘शॅम्पेन’ म्हटले जाते. प्रत्यक्षात हे नाव फ्रान्सच्या शॅम्पेन प्रदेशातील वाइनपुरते राखीव असून भारतातही त्यास भौगोलिक मानांकन आहे. ‘पोर्ट’ हे नाव मूळचे पोर्तुगालच्या दोरू खोऱ्यातील वाइनचे. किण्वन चालू असतानाच द्राक्षापासूनचे मद्यार्क मिसळून ते थांबवल्याने ती वाइन गोड व तीव्र राहते. गोव्यात ‘पोर्ट’ म्हणून विकली जाणारी गोड लाल वाइन ही वेगळी आहे. ‘नाशिक व्हॅली वाइन’ या नावासही भौगोलिक मानांकन मिळालेले आहे.

इतिहास

१९८० च्या दशकात शामराव चौगुले यांनी पुणे जिल्ह्यातील नारायणगाव येथे ‘शातो इंदाज’ची उभारणी केली. ‘पीपर-हाइडसिक’ या शॅम्पेन उत्पादकाच्या तांत्रिक साहाय्याने तेथे तयार झालेली स्पार्कलिंग वाइन ‘ओमर खय्याम’ या नावाने परदेशांत विकली गेली. पुढे ही कंपनी आर्थिक अडचणीत येऊन बंद पडली.

राज्य शासनाने २००१ मध्ये द्राक्षप्रक्रिया उद्योगासाठी धोरण जाहीर केल्यानंतर वाइननिर्मितीला चालना मिळाली. नाशिकची ‘सुला’ आणि सोलापूर जिल्ह्यातील अकलूज परिसरातील ‘फ्रातेली’ यांनी स्पार्कलिंग वाइन बाजारात आणली. २०१३ मध्ये ‘मोएट हेनेसी’ या फ्रेंच कंपनीने नाशिक जिल्ह्यातील द्राक्षांपासून बनवलेली ‘शाँदों’ सादर केली. शॅम्पेन बनवणाऱ्या या कंपनीनेही भारतीय उत्पादनास ‘शॅम्पेन’ हे नाव दिलेले नाही.

हवामान व द्राक्षे

फ्रान्समध्ये द्राक्षवेल हिवाळ्यात सुप्तावस्थेत जातो. महाराष्ट्रात तो तसा जात नसल्याने वर्षातून दोनदा छाटला जातो: एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि पावसाळा सरताना फळछाटणी. त्यामुळे फळ हिवाळ्यात व उन्हाळ्याच्या तोंडावर पिकते. थंड रात्री आम्लता टिकवतात. ऊन वाढू लागले की साखर झपाट्याने चढते आणि मॅलिक आम्ल घटते. म्हणून स्पार्कलिंग वाइनसाठीची द्राक्षे साध्या वाइनच्या द्राक्षांपेक्षा लवकर, साखर कमी असतानाच तोडतात. तोडणी लांबल्यास वाइन बेचव व जड होते. शेनिन ब्लाँ, शार्दोने व पिनो न्वार हे यासाठी वापरले जाणारे प्रमुख वाण आहेत.

पुणे-सोलापूर रस्त्यालगतच्या मांजरी येथे भारतीय कृषी संशोधन परिषदेचे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र असून त्याची स्थापना १९९७ मध्ये झाली. वाइनचे वाण आणि खुंट येथील माती व हवामानात कसे वाढतात, याचा अभ्यास या केंद्रात होतो. केंद्राने विकसित केलेला ‘मांजरी मेडिका’ हा वाण मात्र रसासाठी आहे.

निर्मितीपद्धती

पारंपरिक पद्धतीत तयार वाइन बाटलीत भरून तीत यीस्ट आणि दर लिटरला सुमारे २४ ग्रॅम साखर घालतात. बंद बाटलीत दुसरे किण्वन होते व वायूचा दाब सुमारे ६ वातावरणांपर्यंत पोहोचतो. वाइन काही महिने ते काही वर्षे यीस्टच्या गाळावर मुरवली जाते. नंतर बाटली हळूहळू फिरवत उलटी करून गाळ तोंडाशी आणतात, तोंडाकडील भाग गोठवून तो बाहेर काढतात आणि गोडी जुळवून तारेने बांधलेले बूच बसवतात. कमी खर्चाच्या दुसऱ्या पद्धतीत हे किण्वन मोठ्या बंद टाकीत होते. ‘ब्रुट’ प्रकारात युरोपीय नियमांनुसार साखर लिटरला १२ ग्रॅमपेक्षा कमी असते.