प्रक्रिया क्षमता

स्थिर चालणारी उत्पादन प्रक्रिया ठरलेल्या मापमर्यादांत किती सातत्याने माल देते, याचे संख्यात्मक मोजमाप. वरच्या व खालच्या मर्यादेतील अंतराला प्रमाण विचलनाच्या सहापटीने भागले की ‘सीपी’ हा निर्देशांक मिळतो. समजा, लेथवरील दांड्याचा व्यास २० मिमी, सूट ±०.०३ मिमी आणि प्रमाण विचलन ०.०१ मिमी आहे. येथे सीपी १ येतो. मापांचे वितरण प्रसामान्य असून सरासरी नेमकी मध्यावर असेल, तर दहा लाखांत सुमारे २,७०० नग सदोष निघतात. हत्यार झिजून सरासरी २०.०१ वर सरकली, तरी सीपी १ च राहतो; सदोष नग मात्र सुमारे २२,८०० होतात. म्हणून सरासरीपासून जवळच्या मर्यादेचे अंतर प्रमाण विचलनाच्या तिपटीने भागून मिळणारा ‘सीपीके’ पाहणे अत्यावश्यक. या उदाहरणात तो ०.६७ भरतो.

मोटोरोला कंपनीत १९८०च्या दशकात बिल स्मिथ यांनी ‘सिक्स सिग्मा’ पद्धती मांडली. तिचा दहा लाख संधींमागे ३.४ दोष हा प्रसिद्ध आकडा सरासरी १.५ सिग्मा (प्रमाण विचलन) सरकेल असे गृहीत धरूनच येतो, हे अनेकदा सांगायचे राहून जाते. प्रक्रिया स्थिर नसेल, तर यांपैकी कोणताही निर्देशांक भरवशाचा नाही. त्यामुळे आधी वॉल्टर शूहार्ट यांचा नियंत्रण तक्ता (१९२४) वापरून स्थैर्य तपासतात.