चार वॅट, नऊ फूट : अमेरिकी ट्रकचालक आणि सीबी रेडिओचा पल्ला #थ्रेड

डिसेंबर १९७३. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया आणि ओहायो या राज्यांतून जाणारे महामार्ग एकाएकी तुंबले. ट्रकचालकांनी आपल्या अवजड गाड्या रस्त्यातच उभ्या केल्या होत्या. यामागे ना कोणी सर्वमान्य पुढारी होता, ना एखाद्या बलाढ्य संघटनेचा आदेश. एका चालकाचा निरोप दुसऱ्याकडे, दुसऱ्याचा तिसऱ्याकडे जात होता तो डॅशबोर्डखाली बसवलेल्या एका लहानशा पेटीतून. ती पेटी म्हणजे सिटिझन्स बँड, अर्थात सीबी रेडिओ.

पार्श्वभूमी परिचित आहे. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब राष्ट्रांनी अमेरिकेचा तेलपुरवठा रोखला, डिझेल महागले, पंपांवर रांगा लागल्या. २ जानेवारी १९७४ रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी कायद्यावर स्वाक्षरी केली आणि देशभर ताशी ५५ मैल, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटर, ही वेगमर्यादा आली. स्वतःच्या मालकीचा ट्रक चालवणाऱ्याची कमाई मैलांवर ठरे. वेग घटला की दिवसाचे मैल घटत, ट्रकच्या कर्जाचा हप्ता मात्र तसूभरही घटत नसे.

त्यामुळे पुढे पोलीस कोठे उभे आहेत, हे आधी कळण्याला रोकड मोल आले. चालकांच्या बोलीत महामार्ग पोलिसाला ‘स्मोकी’ म्हणत, कारण त्याची टोपी वणव्यांपासून सावध करणाऱ्या जाहिरातीतील स्मोकी अस्वलाच्या टोपीसारखी होती. आता हिशेब पाहा. ताशी ६० मैल वेगाने जाणारी गाडी मिनिटाला एक मैल कापते. पोलिसांजवळून नुकताच गेलेला चालक समोरून सूचना देत असेल आणि रेडिओचा पल्ला एकच मैल असेल, तर सावध होण्यास मिळते एक मिनिट. पल्ला पाच मैल असेल, तर पाच मिनिटे. पल्ला वाढवण्याच्या वेडाचे मूळ या साध्या गणितात आहे.

अडचण अशी, की ही सेवा दूरवर बोलण्यासाठी निर्माणच झालेली नव्हती. १९५८ मध्ये अमेरिकेच्या संघीय दळणवळण आयोगाने हौशी रेडिओवाल्यांकडील २७ मेगाहर्ट्झचा पट्टा काढून घेतला आणि त्यात सामान्य नागरिकांसाठी २३ चॅनेल दिले. डोळ्यांसमोर होते छोटे दुकानदार, शेतकरी, दुरुस्तीची कामे करणारे कारागीर. प्रक्षेपणशक्तीवर चार वॅटचे बंधन होते. चार वॅट म्हणजे रात्री लावायच्या मिणमिणत्या दिव्याइतकी शक्ती. शिवाय १५० मैलांपलीकडे संभाषण करण्यास नियमानेच मनाई होती.

शक्ती वाढवता येत नसेल, तर आहे ती वाया जाऊ द्यायची नाही, हा एकच सनदशीर मार्ग उरतो. आणि शक्ती सर्वाधिक वाया जाते ती अँटेनापाशी.

२७ मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ११ मीटर. गाडीवरील उभ्या अँटेनाला तिचा पाव भाग लागतो, म्हणजे साधारण नऊ फूट. म्हणूनच त्या काळची आदर्श अँटेना म्हणजे १०२ इंचांची पोलादी काठी आणि तिच्या बुडाशी सहा इंचांची स्प्रिंग. परंतु साडेतेरा फूट उंचीच्या ट्रकवर आणखी नऊ फुटांची काठी उभारून पुलाखालून जायचे कसे? मग तार गुंडाळून अँटेनाची उंची तीन-चार फुटांवर आणली गेली. ही तडजोडच होती. विद्युतदृष्ट्या अँटेना नऊ फुटांची ‘वाटते’, पण शक्तीचा काही भाग वेटोळ्यात उष्णता होऊन जातो. आखूड अँटेनाचा मोह बाळगणाऱ्यांनी पल्ला तेथेच गमावला.

काठी हा अँटेनाचा अर्धाच भाग, हे अनेकांना उमगत नसे. उरलेला अर्धा म्हणजे गाडीचा धातूचा सांगाडा. छताच्या मधोमध बसवलेली अँटेना चहूबाजूंना सारखी पोहोचते. तीच मागच्या बंपरच्या डाव्या कोपऱ्यात लावली, तर लहरींचा जोर गाडीवरून तिरका, उजव्या पुढच्या कोपऱ्याकडे झुकतो. आरशाच्या दांडीवर रंगाचा थर किंवा रबराची चकती असेल, तर सांगाड्याशी जोडणीच तुटते. मग कितीही महाग अँटेना घ्या, ती मुकीच. रंग खरवडून उघडा धातू काढणे ही पल्ला वाढवण्याची सर्वांत स्वस्त युक्ती होती, आणि कदाचित म्हणूनच सर्वांत दुर्लक्षित.

ट्रकच्या दोन्ही आरशांवर डुलणारी अँटेनांची जोडी ही त्या दशकाची ओळखच ठरली. तिच्यामागे शास्त्र होते. एकट्या अँटेनाची एक बाजू मागच्या उंच ट्रेलरमुळे झाकली जाई, आणि दोन अँटेनांमध्ये आठ-नऊ फुटांचे अंतर असेल तर लहरींचा थोडासा अधिक भाग पुढे आणि मागे, म्हणजे नेमका रस्त्याच्या दिशेने जातो. लहान मोटारींच्या मालकांनी ही जोडी चार-पाच फुटांच्या अंतरावर लावली. तेथे लाभ जवळजवळ काहीच नव्हता, केवळ मिरवणे होते.

जाणकार चालक मग एसडब्ल्यूआर मीटर लावून बसे. अँटेनाकडे गेलेल्या शक्तीपैकी किती परत फिरते, हे तो मीटर दाखवतो. पहिल्या चॅनेलपेक्षा २३ व्या चॅनेलवर आकडा जास्त आला तर अँटेना लांब आहे, ती थोडी कापायची. उलट असेल तर आखूड आहे. आकडा दीडच्या आत आला की काम फत्ते. तीनच्या वर गेला तर यंत्राचा ट्रान्झिस्टर जळण्याची भीती. कापताना हात मात्र आखडता ठेवावा लागे, कारण कापलेली अँटेना पुन्हा वाढत नाही.

पल्ला म्हणजे केवळ बोलणे नव्हे, ऐकणेही. पेट्रोल गाडीच्या स्पार्क प्लगची प्रत्येक ठिणगी रेडिओत खरखर करते. डिझेल ट्रकला स्पार्क प्लगच नसतात, हा ट्रकवाल्यांना आयता मिळालेला लाभ! त्यांची डोकेदुखी अल्टरनेटरची शीळ एवढीच, आणि तारा थेट बॅटरीपासून ओढल्या की तीही बरीच शमते.

एवढे सारे करूनही सपाट रस्त्यावर दोन ट्रकमधील संभाषण काही मैलांपुरतेच राही. जमिनीची वक्रता, टेकड्या, झाडी यांच्यापुढे इलाज नव्हता. मग बाजारात बेकायदा लिनिअर अॅम्प्लिफायर आले. चार वॅटचे शंभर वॅट करून देणारी पेटी! पण निसर्गाचा हिशेब कंजूष आहे. जमिनीलगत जाणाऱ्या लहरीसाठी अंतर दुप्पट करायचे तर शक्ती ढोबळमानाने सोळापट लागते. पंचवीसपट शक्तीने पल्ला जेमतेम सव्वादोन पट होतो. शिवाय ही पेटी ऐकण्याची शक्ती वाढवत नाही. अशा केंद्राला रेडिओवाले ‘मगर’ म्हणत : तोंड अवाढव्य, कान नाहीत.

शेजाऱ्यांना त्याचा जाच निराळाच होता. २७ ची दुप्पट ५४, आणि अमेरिकी टीव्हीचा चॅनेल क्रमांक दोन ५४ मेगाहर्ट्झपासूनच सुरू होई. अशुद्ध अॅम्प्लिफायर लावून कोणी बोलू लागला, की आसपासच्या घरांतील पडद्यांवर आडव्या पट्ट्या नाचू लागत. १९७८ मध्ये आयोगाने या पट्ट्यात चालणाऱ्या अॅम्प्लिफायरच्या निर्मितीवर आणि विक्रीवरच बंदी आणली.

तोवर सीबीचे लोण घरोघरी पोहोचले होते. जानेवारी १९७६ मध्ये ट्रकचालकांच्या रेडिओ संवादावर बेतलेले ‘कॉन्व्हॉय’ हे गाणे लोकप्रियतेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर होते. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांच्या पत्नी बेटी फोर्ड यांनी प्रचारासाठी ‘फर्स्ट मामा’ हे रेडिओनाव घेतले. गर्दी वाढली तशी १ जानेवारी १९७७ पासून चॅनेलची संख्या ४० करण्यात आली. दाटीत प्रत्येक जण आवाज चढवू लागला, आणि प्रत्येकाच्या चढलेल्या आवाजाने बाकीच्यांचा पल्ला कापला गेला. इतिहासकार ट्रक आंदोलनाबद्दल बरेच लिहितात, या कोंडीबद्दल कमी लिहितात. वास्तविक सीबीची रस्त्यावरील उपयुक्तता खचण्यात तिचा वाटा मोठा होता.

त्यातच सूर्याने उचल खाल्ली. १९७६ मध्ये सौरडाग किमान होते. १९७९ अखेर ते शिखरावर पोहोचले. सौरडाग वाढले की वातावरणाचा आयनांबर हा थर २७ मेगाहर्ट्झच्या लहरी परावर्तित करतो आणि चार वॅटचा आवाजही हजारो किलोमीटरवर उतरतो. ज्या पल्ल्यासाठी चालकांनी अँटेना कापल्या, रंग खरवडले, दंडाचा धोका पत्करला, तो आता फुकट मिळू लागला. पण उपयोगाच्या नेमका विरुद्ध दिशेने. फ्लोरिडातील गप्पा नेब्रास्कात खणखणीत ऐकू येत आणि त्या कल्लोळात दोन मैलांवरच्या ट्रकने दिलेली सूचना बुडून जाई.

१९८३ मध्ये आयोगाने सीबीसाठी परवान्याची अटही काढून टाकली. १५० मैलांची मनाई कागदावर त्यानंतरही टिकून राहिली. ती रद्द करण्याचा निर्णय झाला २०१७ मध्ये.