कात्री आणि अवतरण : ‘जंग और अमन’चा वाद

उदगीरच्या किल्ल्याचा उल्लेख निघाला की आपण १७६० चा विजय सांगतो. सदाशिवरावभाऊंनी निजामाला येथे नमविले, दौलताबादेसारखी ठाणी पेशव्यांकडे आली आणि भाऊंच्या सेनापतित्वाची कीर्ती सर्वत्र झाली. त्या कीर्तीच्याच बळावर भाऊ त्या वर्षी मार्चमध्ये परतूरहून उत्तरेकडे निघाले, आणि १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपत घडले. गंमत अशी की, ‘पानिपत होणे’ हा वाक्प्रचार मराठीत रूढ झाला. ‘उदगीर होणे’ असे मात्र कोणी म्हणत नाही. उत्सवाने विजय उचलला, भाषेने किंमत लक्षात ठेवली.

युद्धाचा उत्सव आणि युद्धाची किंमत यांतील हेच अंतर आनंद पटवर्धन यांच्या ‘जंग और अमन’ या २००२ च्या माहितीपटाचा विषय आहे. पटवर्धन हे स्वातंत्र्यलढ्यातील अच्युतराव आणि रावसाहेब पटवर्धन यांचे पुतणे. ११ व १३ मे १९९८ रोजी पोखरण येथे अणुचाचण्या झाल्या, त्याच महिन्यात पाकिस्ताननेही आपल्या चाचण्या उरकल्या, आणि दोन्ही देशांत मिठाई वाटली गेली. तेथून निघालेला हा सुमारे पावणेतीन तासांचा चित्रपट पोखरणजवळच्या खेतोलाई गावात, जादूगोड्याच्या युरेनियम खाणींच्या परिसरात, पाकिस्तानात, हिरोशिमात आणि अमेरिकेत हिंडतो. पाकिस्तानातील एका मुलींच्या शाळेतला प्रसंग तर मराठवाड्यात वक्तृत्व स्पर्धांचे परीक्षण केलेल्या कोणाही प्राध्यापकाला अस्वस्थ करील. मुली व्यासपीठावरून अणुबाँबच्या बाजूने त्वेषाने बोलतात, टाळ्या घेतात. आणि नंतर विचारल्यावर कबूल करतात की, आपले खरे मत तसे नाही. मग तसे का बोललात? तर तसे बोलले की टाळ्या मिळतात. दोन देशांच्या राजकारणाविषयी याहून अधिक नेमके विधान कोणा भाष्यकाराने केले असेल, असे मला वाटत नाही.

या चित्रपटाला २००२ च्या मुंबई आंतरराष्ट्रीय महोत्सवात पुरस्कार मिळाला. महोत्सव भरविणारे फिल्म्स डिव्हिजन आणि चित्रपटांना प्रमाणपत्र देणारे सेन्सॉर बोर्ड ही दोन्ही एकाच माहिती व प्रसारण मंत्रालयाची अपत्ये. एका हाताने गौरव झाला. दुसऱ्या हाताने आधी सहा ठिकाणी कात्री लावण्याचे फर्मान निघाले, आणि दिग्दर्शकाने ते मानले नाही तेव्हा फेरतपासणीत सहाचे एकवीस झाले. दाद मागण्याची शिक्षा म्हणावी असाच हा प्रकार होता. याच काळात, जुलै २००२ मध्ये, वेगळ्याच कारणावरून विजय आनंद यांनी बोर्डाचे अध्यक्षपद सोडले आणि कार्यभार अरविंद त्रिवेदी यांच्याकडे आला. ‘रामायण’ मालिकेतील रावण म्हणून ते घरोघरी ओळखीचे होतेच. ते भाजपचे माजी खासदारही होते.

साहित्याच्या अभ्यासकाने त्या एकवीस छाटण्यांची यादी एक समीक्षालेख म्हणून वाचावी. पंतप्रधान आणि मंत्र्यांसह राजकीय नेत्यांची दृश्ये व भाषणे काढून टाकावीत, अशी त्यात मागणी होती. ही भाषणे पटवर्धनांनी लिहिलेली नव्हती. ती जाहीरपणे, कॅमेऱ्यासमोर, टाळ्यांच्या गजरात झालेली होती. म्हणजे आक्षेप असत्याला नव्हता. नेत्यांच्याच शब्दांना होता. याचे कारण अवतरणाच्या स्वभावात आहे. मूळ सभेत जे वाक्य घोषणा असते, तेच खेतोलाईच्या गावकऱ्याच्या किंवा हिरोशिमातील वाचलेल्या वृद्धाच्या चेहऱ्याशेजारी ठेवले की पुरावा होते. एक शब्दही न बदलता अर्थ उलटतो. उपरोधाची ही सर्वांत जुनी आणि सर्वांत प्रामाणिक रीत. बोर्डाला ती अचूक कळली होती, एवढे श्रेय त्याला द्यायलाच हवे.

दुसरा आक्षेप आपल्या प्रदेशाला अधिक जवळचा आहे. १९७४ च्या चाचणीचे सांकेतिक नाव ‘हसणारा बुद्ध’ असे प्रसिद्ध आहे. १९९८ ची पहिली चाचणी तर बुद्धपौर्णिमेलाच झाली. शांतीचा उपदेश करणाऱ्याच्या नावाने बाँब उडवावा, याविषयी एका दलित नेत्याने व्यक्त केलेला संताप चित्रपटात आहे, आणि तोही कात्रीखाली आला. नावासाठी किती किंमत मोजावी लागते हे नामांतराच्या लढ्यात पाहिलेल्या मराठवाड्याला त्या संतापाची टीप लिहून द्यावी लागत नाही.

राजकीय पक्षांचे काय? डाव्यांनी चाचण्यांवर टीका केली होती. काँग्रेसची अडचण उघड होती, कारण १९७४ ची चाचणी इंदिरा गांधींच्या काळातली. महाराष्ट्रात २००२ साली सरकार काँग्रेस आघाडीचे आणि मुख्यमंत्री आपल्या लातूरचेच विलासराव देशमुख होते. पण हा चित्रपट आपला म्हणणे कोणत्याही मोठ्या पक्षाला परवडणारे नव्हते. विरोधकांचे ते मौनही मी राजकीय प्रतिक्रियाच समजतो.

अपिलीय न्यायाधिकरणाने बहुतेक आक्षेप बाजूला सारले, तरी थोडी छाटणी ठेवलीच. अखेर मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २००३ मध्ये चित्रपट एकही काट न देता मोकळा केला. कलाकृती समग्रपणे आणि सामान्य विवेकी माणसाच्या नजरेने पाहावी, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९८९ च्या एस. रंगराजन खटल्यात स्पष्ट केलेले होते. ‘सखाराम बाइंडर’च्या वेळी याच उच्च न्यायालयात कमलाकर सारंग उभे राहिले होते, हे आपण वर्गात शिकवतो, त्या धड्याला हे प्रकरण जोडून शिकवायला हवे. तेथे परिनिरीक्षण मंडळाला अश्लीलता दिसली, येथे बोर्डाला सुरक्षितता दिसली; सुटे वाक्य उचलून संहितेचा न्याय करण्याची पद्धत तीच.

युद्धाला कोणते नाव द्यायचे, हा प्रश्नही या भागाला नवा नाही. रझाकारांच्या अत्याचारांनंतर सप्टेंबर १९४८ मध्ये लष्कर हैदराबाद संस्थानात उतरले, तेव्हा उदगीर बिदर जिल्ह्यात होते. रणगाड्यांनिशी झालेल्या त्या मोहिमेला आपण आजही ‘पोलीस ॲक्शन’ म्हणतो. तीनंतरच्या हिंसेची पाहणी करणाऱ्या सुंदरलाल समितीने सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि गुलबर्ग्याबरोबर बिदर व नांदेड यांची नावे घेतली होती. तो अहवाल कित्येक दशके लोकांसमोर आला नाही. मुक्तिसंग्रामाचे मोल त्याने कमी होत नाही; पण रझाकारांच्या कथा ज्या घरांत सांगितल्या जातात, तेथे या अहवालाचे नावही ठाऊक नसते.

पटवर्धनांच्या विजयानंतर २००४ च्या मुंबई महोत्सवातून अनेक राजकीय माहितीपट वगळले गेले, तेव्हा दिग्दर्शकांनी भूपेश गुप्ता भवनात ‘विकल्प’ हा स्वतःचा महोत्सव भरविला. ज्या न्यायाधिकरणाच्या पायरीवरून ‘जंग और अमन’ उच्च न्यायालयापर्यंत गेला, ते न्यायाधिकरण एप्रिल २०२१ मध्ये रद्द झाले. बोर्डाचा निर्णय मान्य नसलेल्या दिग्दर्शकाला आता थेट उच्च न्यायालयाचा खर्च सोसावा लागतो.