इंजिनामागची चकती

अमेरिकेतल्या इंजिन-बदलाच्या छंदाचा इतिहास सांगणारे बहुतेक जण अश्वशक्तीपाशीच अडकतात. 1932 मध्ये फोर्डने स्वस्त व्ही-8 आणलं, 1949 मध्ये कॅडिलॅक आणि ओल्ड्समोबिलची नवी इंजिनं आली, मग 1955 मध्ये शेव्हरोलेचं 265 घनइंची ‘स्मॉल ब्लॉक’ आलं आणि त्याने सगळ्यांना मागे टाकलं, अशी ती मांडणी. पण ही ताकद गिअरबॉक्सपर्यंत पोचवायची तर मध्ये फ्लायव्हील आणि क्लच लागतो, आणि शेव्हरोलेने मैदान मारलं ते बरंचसं तिथेच. क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकावर फ्लायव्हील धरणाऱ्या सहा बोल्टांचं वर्तुळ 1985 पर्यंत 3.58 इंचांचंच राहिलं आणि फ्लायव्हील-क्लचवरच्या आवरणाची, म्हणजे बेल हाउसिंगची, भोकंही हलली नाहीत. त्यामुळे 1955 च्या इंजिनाला दुसरा गिअरबॉक्स जोडण्यासाठी केलेली अ‍ॅडॉप्टर प्लेट वीस वर्षांनंतरच्या इंजिनालाही चाले. कुणी म्हणेल, ही इंजिनं भंगारात ढिगाने मिळत, कारण इतकंच. पण फोर्डच्या गाड्याही लाखोंनी खपल्या होत्या. त्यांच्या व्ही-8 चे मात्र अनेक वेगळे वंश होते आणि त्यांच्या स्मॉल ब्लॉकचं बेल हाउसिंगच 1960 च्या दशकाच्या मध्यावर पाच बोल्टांवरून सहावर गेलं. ढीग असला तरी एकाचं दुसऱ्याला बसेल याची खात्री नव्हती.

शेव्हरोलेनेही पुढे घोळ घातलाच. 1970 च्या 400 घनइंची इंजिनात तोल साधणारं सगळं वजन क्रँकवर मावेना, म्हणून त्यातलं काही फ्लायव्हीलवर आणि पुढच्या डॅम्परवर चढवलं. साधं फ्लायव्हील त्याला बिनतक्रार बसतं, बोल्टही आवळले जातात. इंजिन थरथरायला लागतं ते चालू केल्यावर. 1986 मध्ये मागचं ऑइल सील अखंड झालं, बोल्टांचं वर्तुळ तीन इंचांवर आलं आणि क्रँकच्या टोकावरचं वजनही फ्लायव्हीलवर गेलं. म्हणून जाणकार आधी इंजिनाचं साल विचारतो, मग फ्लायव्हीलच्या कडेचे दात मोजतो: 153 की 168? मोठ्या चकतीला हाउसिंगही मोठं लागतं आणि स्टार्टरही तिच्याशी जुळणारा. क्लचची प्रेशर प्लेट फ्लायव्हीलवरच्या भोकांशी जुळवायची, पण क्लच प्लेटच्या मधल्या खाचा गिअरबॉक्सच्या शाफ्टशी. इंजिन एका कंपनीचं आणि गिअरबॉक्स दुसऱ्या कंपनीचा असला की नवशिक्याची गाडी हमखास इथे अडते.

फ्लायव्हीलच्या वजनाबद्दलचं मत मात्र रक्त सांडून बदललं. हलकं फ्लायव्हील इंजिनाला झटकन वेग घेऊ देतं, म्हणून शर्यतवाले बिडाच्या चकत्या लेथवर तासून हलक्या करत. जास्त फेऱ्यांवर त्या फुटत आणि तुकडे थेट चालकाच्या पायांकडे येत. 1951 मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल हॉट रॉड असोसिएशनच्या नियमांत पुढे पोलादी संरक्षक कवच आलं ते यामुळे. रस्त्यावरच्या गाडीला तर हलकी चकती गैरसोयीचीच; सिग्नलला निघताना इंजिन पटकन बंद पडतं. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आल्यावर हे सगळं निकालात निघालं, असाही एक समज आहे. पण तिथेही फ्लायव्हीलच्या जागी पातळ फ्लेक्सप्लेट असते, आणि ती घेतानाही साल, दात आणि तोलाचं वजन विचारावंच लागतं.