जीपच्या पुढील आसाचे सांधे : एक युद्धकालीन निवड

दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकन जीपची पुढची चाके वळवावी लागत आणि चिखलवाळूत इंजिनाच्या शक्तीने फिरवावीही लागत. त्यामुळे आसात सांधा अपरिहार्य होता. रॉबर्ट हूक यांच्या नावाने ओळखला जाणारा क्रॉसचा सांधा घडवण्यास सोपा व दणकट. परंतु ३० अंशांच्या कोनात चाकाचा वेग प्रत्येक फेरीत दोनदा सुमारे १३ टक्के घटतो आणि १५ टक्के वाढतो. स्टिअरिंगला हिसके बसतात. समवेगी सांध्यांत हा दोष नाही. मात्र त्यांची घडण अतिसूक्ष्म. म्हणूनच बेंडिक्स, झेप्पा, फ्रान्समध्ये जन्मलेला ट्रॅक्टा, इतकेच नव्हे तर स्पायसरचा क्रॉसचा सांधाही जीपमध्ये वापरला गेला. निवड गुणवत्तेइतकीच उत्पादनक्षमतेने ठरवली. पुढे नागरी जीपमध्ये क्रॉसचाच सांधा रूढ झाला. पुढची चाके केवळ खडतर वाटेवरच जोडली जात, तेथे हिसक्यांपेक्षा सांधा तुटण्याचे भय मोठे होते.