किती द्याल?

पावसाळ्यातल्या रविवारी मळवलीला लोकल बरीच रिकामी होते. कुणी भाज्याच्या लेण्यांकडे निघतं, कुणी लोहगडाकडे. हा डोंगर त्यांना किती रुपयांचा वाटतो? तिकिटावरून ते कळत नाही. तो आकडा सरकारचा असतो.

निसर्गाची किंमत काढायची ही मोजदाद सुरू झाली 1947 मध्ये. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान खात्याच्या विचारणेला अर्थशास्त्रज्ञ हॅरल्ड हॉटेलिंग यांनी पत्रातून तोडगा कळवला: उद्यानाभोवती पट्टे आखा, प्रत्येक पट्ट्यातून लोकसंख्येच्या मानानं किती जण येतात आणि त्यांना प्रवासखर्च किती पडतो ते पाहा. खर्च वाढेल तशी माणसं किती गळतात, त्यावरून मागणीची रेषा निघते. मावळाला तर तळेगाव, चिंचवड, पुणे, मुंबई असे पट्टे आयतेच आहेत. पण गड कधीही न चढलेली, तरी तो टिकावा असं वाटणारी दादरची आजी या हिशेबात येतच नाही.

तिला विचारायलाच हवं. रॉबर्ट डेव्हिस यांनी 1963 च्या हार्वर्डमधल्या प्रबंधासाठी मेन राज्याच्या जंगलात शिकारी आणि सहलीला आलेले मिळून 121 जणांना ‘किती द्याल?’ असं विचारलं. ‘हो’ आलं की रक्कम चढवायची, ‘नाही’ आलं की उतरवायची. लिलावच तो! मात्र पहिला आकडाच उत्तराला आपल्याकडे ओढतो, हे पुढे ध्यानात आलं.

या कुळातला सगळ्यात शहाणा पूर्वज मला 1979 चा वाटतो. लोणावळ्याच्या बाजारात चिक्कीचे किती द्याल, असं कुणी विचारत नाही. भाव सांगतात, आपण घेतो किंवा पुढे जातो. रिचर्ड बिशप आणि थॉमस हेबरलाइन यांनी विस्कॉन्सिनमधल्या रानहंसांच्या शिकाऱ्यांना तसंच विचारलं: प्रत्येकापुढे वेगळी रक्कम, उत्तर फक्त हो किंवा नाही. काहींना तर खरे चेक पाठवून त्यांचे परवाने विकत मागितले. त्यातून परवान्याची सरासरी किंमत निघाली 63 डॉलर. नुसतं कल्पनेत विकायला सांगितलं तेव्हा 101, आणि कल्पनेतच विकत घ्यायला सांगितलं तेव्हा 21!

एकाच्या ‘हो’तून फारसं हाती लागत नाही. शेकडो उत्तरं जमली की दिसतं, रक्कम चढते तसं होकाराचं प्रमाण घसरतं. त्या घसरणीवर लॉजिट नावाचा नागमोडी वक्र बसवायचा. जिथे निम्मे लोक ‘हो’ म्हणतात ती रक्कम म्हणजे मध्यक. मायकेल हॅनमन यांनी 1984 मध्ये या वक्राला उपयोगितेच्या सिद्धांताचा पाया दिला. एक्सॉन व्हाल्डेझ जहाजाच्या तेलगळतीनंतर लोकांना विचारून किंमत काढायची ही पद्धत वादात सापडली, तेव्हा अर्थशास्त्रज्ञ केनेथ ॲरो आणि रॉबर्ट सोलो यांच्या समितीनं 1993 मध्ये हो-नाहीचाच प्रश्न पसंत केला.

आपल्याकडे बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानासाठी मुंबईकर काय देतील, याचा अभ्यास 1997 मध्ये प्रसिद्ध झाला. घरटी दरमहा सरासरी साडेसात रुपये निघाले. अशा पाहणीत पंचाईत होते ती शून्याची. परवडत नाही म्हणून शून्य सांगणारा वेगळा, आणि ‘कर भरतो ना, सरकारनं करावं’ असं म्हणून शून्य सांगणारा वेगळा. या दुसऱ्याला बहुधा हिशेबातून वगळतात.

मावळात पाहणी निघालीच, तर पायथ्याच्या गावांत प्रश्न उलटा करावा लागेल. सुट्टीच्या दिवशी ज्यांच्या दारात गाड्यांची रांग लागते, त्यांना ‘किती घ्याल?’ असंच विचारायला हवं. आणि तिथे 101 आणि 21 मधलं अंतर आडवं येईल.